मधपेट्यांचा रात्रीचा प्रवास : पिकअप आणि ट्रॉलीतून सुरक्षित वाहतूक

मार्गशीर्ष उजाडता उजाडता राजस्थानातील भरतपूर, अलवर आणि हरियाणाच्या दक्षिण पट्ट्यात मोहरी पिवळी होऊ लागते आणि देशभरातील मधपाळांची पावले तिकडे वळतात. मोहरी ओसरली की कोटा-बारां भागातील धन्याची शेते, मार्च-एप्रिलमध्ये बिहारमधील मुजफ्फरपूरच्या लिचीच्या बागा आणि त्याच सुमारास हिमाचल व काश्मीरची सफरचंदे, असा हा फुलांचा माग असतो. महाराष्ट्रातही कांदा बीजोत्पादनाचे डेंगळे फुलले किंवा सूर्यफुलाचे ताटवे उमलले की पेट्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात हलतात. या सगळ्या हालचालीचा भार पिकअप, ट्रक आणि शेतापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यात ट्रॅक्टरमागची ट्रॉली यांच्यावर असतो.

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात राणीमाशीची पैदास, रोगनियंत्रण आणि मध काढणी यांवर दिवसचे दिवस खर्च होतात. वाहतुकीला मात्र बहुधा अर्धा तासही मिळत नाही. वस्तुतः वर्षभर जोपासलेली वसाहत एका रात्रीत गमावण्याचा सर्वांत मोठा धोका याच प्रवासात असतो. पेट्या गुदमरतात, पोळी तुटून राणी चिरडली जाते, गाडी कलंडते आणि मधपाळाच्या सोबत्यांच्या जिवावरही बेतू शकते. यातील बहुतेक हानी टाळता येण्याजोगी आहे.

ओझे जिवंत असते

सिमेंटच्या गोण्या आणि मधपेट्या यांत मूलभूत फरक असा की गोण्या उष्णता निर्माण करीत नाहीत. मधमाश्यांच्या वसाहतीत पिल्लांच्या भागाचे तापमान सुमारे ३४ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखले जाते. तापमान वाढले की कामकरी माश्या दारात ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि काही माश्या पेटीबाहेर येऊन लोंबकळतात. प्रवेशद्वार बंद करताच यांपैकी दोन मार्ग तत्काळ संपतात. पाणी आणता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही.

पुढची साखळी वेगाने घडते. कोंडलेल्या माश्या बाहेर पडण्यासाठी धडपडतात. स्नायूंच्या या हालचालीने उष्णता आणखी वाढते. माश्या पोटातील मध बाहेर टाकतात, एकमेकींच्या अंगाला चिकटतात आणि ओलसर गठ्ठा होऊन तळपाटावर पडतात. मेण वितळण्यास ६२ ते ६४ अंश तापमान लागत असले, तरी त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते आणि मधाने जड झालेले पोळे स्वतःच्या भारानेच खचते. वसाहत जितकी बलवान, तितका हा धोका अधिक. म्हणजे मधपाळाची सर्वांत मौल्यवान पेटीच प्रथम गुदमरते.

यावरून वाहतुकीचे एक सूत्र हाती येते. पेटीला हवा हवी, प्रवास थंड वेळेत हवा आणि गाडी विनाकारण थांबता कामा नये. चालती गाडी पेट्यांमधून वारा खेळवते. उभी गाडी त्यांची भट्टी करते.

निघण्यापूर्वीचे दोन दिवस

स्थलांतरापूर्वी मध काढून घ्यावा. फक्त वाटेतील आणि नव्या जागेवरील पहिल्या काही दिवसांच्या पोषणापुरता साठा ठेवावा. नुकताच गोळा केलेला पातळ पुष्परस प्रवासात हिंदकळून माश्यांच्या अंगावर सांडतो, म्हणून असा रस भरलेल्या चौकटी काढून ठेवणे इष्ट. तार न ओवलेल्या, नव्याने बांधलेल्या कोवळ्या पोळ्याच्या चौकटीही या प्रवासात पाठवू नयेत.

पेट्या हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी तपासणी पूर्ण करावी आणि त्यानंतर त्या उघडू नयेत. माश्या राळेने चौकटी पुन्हा जागच्या जागी चिकटवतात आणि ती चिकटण प्रवासात उपयोगी पडते. चौकटींची संख्या कमी असल्यास मोकळ्या जागेत लाकडी पट्टी किंवा डमी बोर्ड बसवून त्या हलणार नाहीत असे पाहावे. तळपाट, शिशुकक्ष आणि झाकण हे तिन्ही भाग दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकून किंवा बेल्टने एकजीव करावेत. आतील झाकणाच्या जागी तारेच्या जाळीची चौकट बसवल्यास वरून हवा मिळते. अतिशय बलवान वसाहतीवर एक रिकामा मधकक्ष ठेवून वर जाळी बसवावी, म्हणजे माश्यांना पोळ्यावरून वर सरकून दाटी कमी करण्यास जागा मिळते.

तपासणीचा दुसरा हेतू रोगांचा आहे. गाडी पेट्यांसोबत व्हरोआ कोळी, ट्रॉपिलिलॅप्स कोळी आणि युरोपियन फाउलब्रूडसारखे रोगही दुसऱ्या जिल्ह्यात नेते. बाधित वसाहत हलवणे म्हणजे ती समस्या नव्या परिसरातील प्रत्येक मधपाळाच्या दारात नेऊन ठेवणे होय. अशा पेट्या मागे ठेवून त्यांचे उपचार पूर्ण करावेत.

वजनाचा हिशोब कागदावर

पिकअपचा हौदा भरेपर्यंत पेट्या चढवायच्या, ही सर्वत्र आढळणारी पद्धत. परंतु हौदा भरणे आणि भारक्षमता संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहनाच्या नोंदणी पत्रावर दोन आकडे असतात : रिकाम्या वाहनाचे वजन आणि भारासह अनुज्ञेय एकूण वजन. यांतील फरकात पेट्या, स्टँड, साहित्य आणि गाडीत बसणारी माणसे हे सारे बसले पाहिजे.

उदाहरणादाखल, एखाद्या पिकअपसाठी हा फरक १,३०० किलो आहे असे मानू. दहा चौकटींची, मध काढलेली मेलिफेरा माशीची एककक्षी पेटी सरासरी २६ किलोची धरली, तर ४० पेट्यांचे वजन १,०४० किलो होते. प्रत्येकी २ किलोचे ४० लोखंडी स्टँड म्हणजे ८० किलो. चालकासह तीन माणसांचे १९५ किलो. बेरीज १,३१५ किलो. तंबू, पाण्याचे कॅन, साखरेचे पोते आणि मध काढणी यंत्र अजून चढलेलेही नाही, तरी मर्यादा ओलांडली गेली. आता याच पेट्यांतून मध काढला नसता आणि प्रत्येक पेटी ८ किलोने जड असती, तर आणखी ३२० किलोंची भर पडली असती. मध काढून निघणे हे माश्यांच्या हिताचे आहे आणि गाडीच्या ब्रेकच्याही.

अंदाजावर विसंबण्यापेक्षा आपल्या पाच-सहा पेट्या प्रत्यक्ष तोलून सरासरी काढावी आणि पहिल्या खेपेला भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. मध्यरात्री महामार्गाच्या कडेला मधपेट्या उतरवणे म्हणजे काय, हे मधपाळास वेगळे सांगण्याची गरज नाही. दंडाहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की जादा भाराने टायर तापतात, थांबण्याचे अंतर वाढते आणि मागचे पाटे दबून पुढची चाके हलकी होतात. चाकावरची पकड त्याच प्रमाणात घटते आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरच्या चालकाचे डोळे दिपवतो.

हौद्यातील मांडणी आणि बांधणी

पेट्या ठेवताना चौकटींची लांबी गाडीच्या प्रवासाच्या दिशेस समांतर असावी. पिकअप व ट्रकमध्ये सर्वाधिक धक्के ब्रेक दाबताना आणि वेग घेताना पुढे-मागे बसतात. चौकटी त्याच दिशेने असल्या तर त्या हिसक्याने एकमेकींवर आपटत नाहीत. आडव्या असल्या तर प्रत्येक ब्रेकला दोन पोळ्यांमधील माश्या चिरडल्या जातात आणि त्यांत राणी असली तर अख्खी वसाहत धोक्यात येते.

जड पेट्या खालच्या थरात आणि मागच्या चाकांच्या आसाच्या थोड्या पुढे, हलक्या पेट्या वर, हा मांडणीचा नियम. भार आसाच्या मागे गेला की गाडीचे नाक उचलले जाते. डाव्या-उजव्या बाजूंचे वजन समान राहील असे पाहावे. दोन थरांपेक्षा अधिक उंची शक्यतो टाळावी. गाडी वळणावर ज्या जोराने बाहेर फेकली जाते तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि उंच रचलेला भार त्या जोरास लवकर बळी पडतो.

दोन ओळींमध्ये तीन-चार इंचांची फट राखण्यासाठी लाकडी रिपा टाकाव्यात. येथेच वाहतुकीतील खरा पेच आहे. बांधणीच्या दृष्टीने पेट्या एकमेकींना घट्ट भिडलेल्या बऱ्या, पण हवेच्या दृष्टीने त्या सुट्या हव्यात. रिपा हा यावरचा तोडगा होय. कारण त्या फटही राखतात आणि पेटीला सरकूही देत नाहीत. प्रत्येक आडव्या ओळीवरून एक रॅचेट बेल्ट आणि संपूर्ण भारावरून दोन उभे बेल्ट घ्यावेत. नायलॉनची दोरी ताणाने सैल पडते, म्हणून केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. बेल्ट असो वा दोरी, पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर गाडी थांबवून सारी बांधणी पुन्हा आवळावी. भार याच अंतरात आपली जागा घेतो.

सर्व भारावर बारीक विणीची जाळी टाकावी. ताडपत्री टाकू नये. ताडपत्रीने हवा कोंडते आणि वाऱ्याने ती फुगून बांधणीही सैल करते. पाऊस असल्यास ताडपत्री केवळ छतासारखी ताणून बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

मागे ट्रॉली जोडताना

अमेरिकेत फेब्रुवारीतील कॅलिफोर्नियाच्या बदाम बहरासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून वसाहती जातात. तेथे मोठ्या मालट्रकबरोबरच पिकअपमागे जोडलेल्या लहान ट्रेलरचाही सर्रास वापर होतो. आपल्याकडे ओढून नेण्याचे काम मुख्यतः ट्रॅक्टरची ट्रॉली करते, आणि तेही बहुधा मुख्य रस्ता संपून बांधावरची वाट सुरू झाल्यावर. वाहन कोणतेही असो, ओढल्या जाणाऱ्या गाडीचे नियम सारखेच आहेत.

पहिला नियम भाराच्या जागेचा. एका आसाच्या ट्रेलरमध्ये थोडा भार जोडणीच्या हुकावर पडला पाहिजे. पिकअपमागील ट्रेलरसाठी हे प्रमाण ट्रेलरच्या एकूण भारित वजनाच्या १० ते १५ टक्के मानले जाते. ट्रेलर मालासह १,००० किलोचा असेल तर हुकावर १०० ते १५० किलो. यापेक्षा कमी भार पडला, म्हणजे पेट्या आसाच्या मागे रचल्या गेल्या, तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलू लागतो. फार अधिक पडला तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग दबतो. दोन चाकी ट्रॉलीतही मागे भार टाकल्यास ड्रॉबार वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते.

दुसरा नियम जोडणीचा. ट्रॉली ट्रॅक्टरच्या ठरलेल्या ड्रॉबारलाच किंवा निर्मात्याने दिलेल्या हुकालाच जोडावी. त्याहून उंच जागी, विशेषतः टॉप लिंकच्या खुंटीला साखळी अडकवून ओढल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. जोडणीची पिन योग्य जाडीची असावी आणि ती वर उडू नये म्हणून तिला खालून क्लिप लावलेली असावी. पिनेच्या जागी लोखंडी सळईचा तुकडा वापरण्याची सवय प्राणघातक आहे. याखेरीज सुरक्षा साखळी असावीच. पिन तुटली तरी ट्रॉली रस्त्यावर सुटी धावत नाही.

तिसरा नियम थांबण्याचा. बहुतेक ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलते आणि रस्ता निसरडा किंवा उतरता असल्यास ट्रॅक्टरला आडवा करते. म्हणून रस्त्यावर येण्यापूर्वी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडलेले आहेत याची खात्री करावी. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याचा मोह टाळावा.

ट्रेलर किंवा ट्रॉली डुलू लागल्यास जोरात ब्रेक दाबणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे, या दोन्ही उत्स्फूर्त प्रतिक्रिया घातक ठरतात. ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. नंतर सुरक्षित जागी थांबून भार पुढे सरकवावा.

ट्रॉलीचे पाटे जड मालासाठी बनवलेले असतात. मधपेट्यांच्या तुलनेने हलक्या भाराखाली ते फारसे दबत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट पोळ्यापर्यंत पोहोचतो. तळाशी सहा इंच जाडीचा भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट अंथरल्यास हे धक्के बरेच शोषले जातात. अर्थात पेंढा आला की आगीचा धोकाही आला. त्यामुळे धूर देण्याचे यंत्र पेटते ठेवून ट्रॉलीत कधीही ठेवू नये.

शेवटची बाब कागदपत्रांची. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने त्याची नोंदणी आणि विमा असणे आवश्यक आहे. वाहन निर्मात्याने ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर त्या पिकअपमागे ट्रेलर जोडूच नये.

रात्रीचा रस्ता

सूर्यास्तानंतर सर्व चारणाऱ्या माश्या परतल्या की प्रवेशद्वारे जाळीच्या पट्टीने बंद करावीत. कागदाचे बोळे किंवा चिखल यांनी दार लिंपू नये. या कामासाठी लाल काचेचा किंवा लाल कागद लावलेला टॉर्च वापरावा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ती प्रकाशाकडे झेपावत नाही.

पहाटेपूर्वी पोहोचण्याच्या घाईतूनच जादा वेग आणि जादा भार यांचा जन्म होतो. म्हणून हिशोब उलट्या बाजूने मांडावा. अंधाराचे १० तास धरले आणि त्यातून भरणे-उतरवणे यांचे ३ तास वजा केले, तर प्रवासाला ७ तास उरतात. भारित गाडीचा घाट, गाव आणि टोलनाके धरून सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर मानल्यास एका रात्रीचा टप्पा सुमारे २८० किलोमीटरचा ठरतो. अंतर त्याहून अधिक असल्यास वेग वाढवण्याऐवजी टप्पे वाढवावेत. मधल्या दिवशी सावलीच्या, पाणी जवळ असलेल्या आणि वस्तीपासून दूर अशा जागी पेट्या उतरवून दारे उघडावीत, माश्यांना दिवसभर उडू द्यावे आणि अंधार पडल्यावर पुढे निघावे.

वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर नेला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्याचे अंतर दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर वेग आणखी कमी ठेवावा. गतिरोधक एका बाजूने तिरपा ओलांडू नये; त्याने भार डोलतो आणि चौकटी बाजूला आपटतात.

अपरिहार्य थांबा पाच-दहा मिनिटांचा असावा आणि शक्यतो वाऱ्याच्या जागी, दिव्यांपासून दूर घ्यावा. इंजिन सुरू असल्यास त्याच्या कंपनाने माश्या पोळ्याला धरून राहतात, असा मधपाळांचा अनुभव आहे. मात्र तशा वेळी चालकाने गाडी सोडून जाऊ नये. उष्णता जाणवल्यास वरच्या जाळीवर पाण्याचा हलका फवारा मारावा. पेटीतून येणारा गुणगुणाट चढत जाऊन तीव्र झाला आणि जाळीवर माश्यांचा दाट थर जमला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

माणसांचा जीव आधी

भारावर पहुडलेला मजूर हे स्थलांतराच्या हंगामातील नेहमीचे दृश्य आहे. त्याला झोप लागते, एखाद्या हिसक्याने तो खाली पडतो किंवा गाडी कलंडल्यास पेट्यांखाली सापडतो. पेट्या फुटल्या तर शेकडो माश्यांच्या दंशाची भर पडते. केबिनमध्ये जितक्या जागा तितकीच माणसे न्यावीत; उरलेल्यांनी बसने किंवा रेल्वेने जावे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि ट्रॉलीच्या जोडदांड्यावर बसण्यासही सक्त मनाई असावी.

दिवसभर पेट्या बांधलेला माणूसच रात्रभर गाडी चालवणार असेल, तर अपघाताची निम्मी तयारी निघण्यापूर्वीच झालेली असते. चालकाने दुपारी झोप घेतलेली असावी आणि पेट्या भरण्याचे काम दुसऱ्यांनी करावे.

केबिनमध्ये प्रत्येकासाठी जाळीची टोपी, हातमोजे, प्रथमोपचार पेटी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली ॲलर्जीरोधक औषधे हाताशी असावीत. काटा लागल्यास तो नखाने खरवडून त्वरित काढावा. दंशानंतर श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

ट्रॉली आणि पिकअप दोहोंच्या मागे लाल व बाजूंना पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावलेल्या असाव्यात आणि मागचे दिवे पेट्या किंवा जाळी यांनी झाकले जाऊ नयेत. बंद पडलेल्या, दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळणे हा ग्रामीण रस्त्यांवरील अपघातांचा परिचित प्रकार आहे.

पेट्या सांडल्याच तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, बघ्यांना दूर ठेवावे आणि ११२ वर कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. पोलीस व अग्निशमन जवानांना पेट्यांत मधमाश्या असल्याचे प्रथम सांगावे. अंगावर संरक्षक पोशाख असलेल्या व्यक्तींनीच पेट्या हाताळाव्यात आणि शक्य तर उजाडण्यापूर्वी. सूर्य वर आला की माश्यांना आवरणे कठीण होते.

पोहोचल्यावर

नवी जागा आधी पाहून ठेवलेली असावी. गाडी वळवण्यास जागा आहे का, ट्रॉली मागे घेताना कोण इशारा देणार, जमीन भार पेलेल इतकी घट्ट आहे का, हे प्रश्न अंधारात सुटत नाहीत. ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय बेल्ट सोडू नयेत. तिरप्या जमिनीवर बेल्ट सुटताच वरचा थर अंगावर येऊ शकतो.

सर्व पेट्या स्टँडवर मांडून झाल्यावर, माश्या थोड्या शांत झाल्या की दारे उघडावीत. दारासमोर मूठभर गवत ठेवल्यास बाहेर पडणारी माशी थबकते आणि नव्या जागेची खूण पटवून घेते. स्थलांतराचे अंतर तीन किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर चारणाऱ्या माश्या जुन्याच जागी परततात, हे जवळच्या शेतात पेट्या हलवताना विशेष लक्षात ठेवावे.

पीक साधारण ५ ते १० टक्के फुलल्यावर पेट्या आणाव्यात. त्याआधी आणल्यास माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांचा नाद धरतात. मोहरीसाठी हेक्टरी ३ ते ५ मेलिफेरा वसाहती पुरेशा मानल्या जातात. परिसरातील शेतकऱ्यांना पेट्या आल्याचे आधीच कळवावे आणि फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अगदीच अपरिहार्य असल्यास ती सायंकाळी, माश्या परतल्यानंतर करावी, असे ठरवून घ्यावे. तीन-चारशे किलोमीटरचा प्रवास सुखरूप पार केलेली वसाहत शेजारच्या बांधावरील एका फवारणीने संपणे, यासारखी दुसरी हानी नाही.

निघण्यापूर्वी तपासावयाच्या बाबी

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील यादी मधपाळांच्या गटास छापून द्यावी आणि ती चालकाच्या केबिनमध्ये चिकटवावी.

१. पेट्या, साहित्य आणि माणसे यांचे एकत्रित वजन नोंदणी पत्रावरील मर्यादेत आहे.
२. टायरमधील हवा, स्टेपनी, जॅक, ब्रेक आणि सर्व दिवे तपासले आहेत.
३. चौकटी प्रवासाच्या दिशेस समांतर आहेत. जड पेट्या खाली व आसाच्या पुढे आहेत.
४. ओळींमध्ये हवेची फट आहे. भारावर जाळी आहे, ताडपत्री नाही.
५. ट्रॉलीची पिन क्लिपसह बसवली आहे. सुरक्षा साखळी लावली आहे. ब्रेक पेडल एकत्र जोडले आहेत.
६. भारावर, मडगार्डवर किंवा जोडदांड्यावर कोणीही बसलेले नाही.
७. चालकाची झोप झालेली आहे.
८. नोंदणी, विमा, मधपाळाचे ओळखपत्र आणि पाणी सोबत आहे.

१९६२ मध्ये नगरोटा येथे मेलिफेरा माशीचे आपल्या देशात यशस्वी आगमन झाले, त्यानंतर स्थलांतर हा भारतीय मधमाशीपालनाचा कणा बनला. आज राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियानामुळे नवे तरुण या व्यवसायात येत आहेत. त्यांतील अनेकांची पहिली पेटी अनुदानातून मिळालेली असते, पण पहिली गाडी मात्र भाड्याची असते आणि तिच्या चालकाने मधमाशी कधी जवळून पाहिलेली नसते. अशा पहिल्या फेरीआधी विस्तार कार्यकर्त्याने मधपाळ आणि चालक या दोघांना एकत्र बसवून वरील आठ बाबींवर अर्धा तास चर्चा घडवून आणावी. कमी भार, सावकाश वेग, मोकळी हवा आणि विश्रांती घेतलेला चालक या चार गोष्टी गाडीला जितक्या उपकारक, तितक्याच माश्यांनाही. एका रात्रीत कमी पेट्या नेल्याने भाड्याचा खर्च थोडा वाढेल. परंतु सकाळी दार उघडल्यावर प्रत्येक पेटीतून माश्या उडाल्या, तर तो खर्च पहिल्याच बहरात भरून निघतो.